फेजला तिथी पाहिजे



या अंकात मी एका इंग्रजी शब्दावर लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, आपला दावा पडून आहे, वावरात चर खोदून ठेवलेत, आणि ही पोरगी इंग्रजी शिकवायला बसली. पण हा शब्द आपल्या दाव्याच्या फायलीवरच बसलेला आहे, म्हणून लिहिते. शब्द आहे ‘फेज’. सायेब लोक म्हणतात, ‘फेज्ड मॅनरमध्ये होईल’, ‘फेजवाईज करू’. मराठीत बोलले तर म्हणतात, ‘टप्प्याटप्प्यानं होईल’.

मी हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकला तो तालुक्याच्या एका बैठकीत. आपल्या तीन गावांची माणसं गेली होती. वनहक्काच्या दाव्यांचं काय झालं, एवढंच विचारायचं होतं. सायबांनी फाईल उघडली, दोन पानं उलटली आणि म्हणाले, ‘‘हे सगळं फेज्ड मॅनरमध्ये होणार आहे. तुम्ही काळजी करू नका.’’ माझ्या बाजूला आमच्या गावचे आबाजी बसले होते. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, ‘‘सायेब, हा फेज मोटारीवाला का दुसरा? कारन मोटारीवाला फेज त आमच्याकडं परवापासून गेला हाय.’’ सगळे हसले. सायेबही हसले. बैठक संपली.

जीपमध्ये परत येताना आबाजी मला म्हणाले, ‘‘माय, तू बारावी शिकली. त्या शब्दाचा अर्थ काय, ते सांग.’’ मी म्हटलं, ‘‘आबाजी, म्हंजे हळूहळू होईल.’’ ते म्हणाले, ‘‘हळूहळू त समजलं. पन किती हळू?’’

मला उत्तर आलं नाही. म्हणून मी नंतर ओळखीच्या एका मास्तरांकडून मोठी डिक्शनरी आणून पाहिली. त्यात जे सापडलं ते सांगते.

फेज हा शब्द मूळचा चंद्राचा आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘दिसणं’. चंद्र आज जेवढा दिसतो ती त्याची एक फेज, म्हणजे आपण जिला कला म्हणतो ती. तिथून पुढं त्याचा अर्थ झाला कामाचा एक टप्पा. मग इंग्रजीत दोन बोली तयार झाल्या. एखादी गोष्ट थोडी थोडी करून आणायची असली की म्हणतात ‘फेज इन’. थोडी थोडी करून काढून टाकायची असली की म्हणतात ‘फेज आउट’. फेज इन म्हणजे चांदणा पक्ष, अवसेकडून पुनवेकडं. फेज आउट म्हणजे अंधारा पक्ष, पुनवेकडून अवसेकडं.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हा शब्द तर आपलाच निघाला. चंद्र पाहून चालणारी माणसं आपण. पोळा अवसेला, होळी पुनवेला. आपल्या जिल्ह्यात पोहरादेवीची यात्रा रामनवमीला भरते, म्हणजे चैत्रातल्या चांदण्या पक्षाच्या नवमीला. सालदार ठेवायचा तर तोही तिथी पाहून ठेवतात, आणि वर्ष भरलं की हिशेब होतो. गावचा मालक कसाही असो, सालदाराला तो असं म्हणत नाही की तुझे पैसे फेज्ड मॅनरमध्ये देईन, पण कधी ते विचारू नको.

चंद्र हळूहळू वाढतो हे खरं. एका रात्रीत पुनव होत नाही. पण किती हळू, ते सगळ्यांना ठाऊक असतं. शेंबड्या पोराला विचारा, आज पंचमी आहे तर पुनवेला किती दिवस? तो बोटावर मोजून सांगेल. आभाळ भरून आलं आणि चंद्र दिसला नाही, तरी तिथी पुढं सरकतेच. चंद्र सांगत नाही की वरून आदेश आला नाही म्हणून यंदा अष्टमीवर थांबतो.

मराठीतला ‘टप्पा’ही असाच आहे. पहिले टप्पा म्हणजे वाटेवरची थांबायची जागा. एसटीचं भाडं अजून टप्प्यावर ठरतं, एक टप्पा सहा किलोमीटरचा. कंडक्टर सांगतो किती टप्पे आणि किती पैसे. आणि मोटारीच्या थ्री फेजचंसुद्धा वेळापत्रक असतं. या आठवड्यात रात्री, पुढच्या आठवड्यात दिवसा. लाईन कधी जाते, कधी येते, त्यावरून आपण शिव्या देतो. पण शिव्या देता येतात त्या वेळ ठरलेली असते म्हणूनच. वेळच ठरली नसती तर कशाच्या नावानं ओरडलो असतो?

म्हणजे इंग्रजी शब्द घ्या की मराठी घ्या, दोन्हीच्या पोटात माप आहे. बिनमापाचा फेज फक्त कचेरीत मिळतो.

हळू चालण्याला आपला विरोध नाही

इथं एक गोष्ट साफ करते. कोणी म्हणेल, या पोरांना सगळं आजच पाहिजे. तसं नाही. आपण शेती करणारी माणसं आहोत. सोयाबीन तीन-साडेतीन महिने घेतं, तूर सहा महिने घेते, मोहाचं झाड तर लावणाऱ्याच्या नातवाला फूल देते. घाई केली की काम बिघडतं, हे आपल्याला शिकवायला नको. एका गावातले पन्नास दावे एकाच दिवशी मोजले तर मोजणी खोटीच होणार. धुरा कुठं, नाला कुठं, कोणाचं वावर कुठून कुठपर्यंत, हे पायी फिरूनच कळतं. जी.पी.एस. मशीन हातात घेऊन जीपमध्ये बसून राहिलं तर दोन एकराचं एक एकर होतं. म्हणून मोजणीला दोन आठवडे लागले तर लागू द्या. आधी या गावचं, मग त्या गावचं, असं करा. तो खरा फेज. आमची तक्रार एवढीच की आमच्या गावाचा नंबर कधी ते सांगा.

काढायला तारीख, द्यायला फेज

आता मागचा हिशेब पाहू. मी काही जुने कागद जमवले आहेत. ते एकापुढं एक ठेवले की एक गोष्ट दिसते.

महाराष्ट्र शासनानं १९७८ साली निर्णय केला की ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची. पुढं १९८० साली वन संवर्धन कायदा आला. १८ सप्टेंबर १९९० ला केंद्र सरकारनं परिपत्रकं काढली की २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून जंगल जमीन कसणाऱ्यांची चौकशी करून त्यांचा हक्क ठरवावा. कागदावर चांगली गोष्ट होती. पण त्याला शेवटची तारीख नव्हती. बाप मेला, पोरगा कसू लागला, तरी चौकशी चालूच.

मग ३ मे २००२ ला त्याच केंद्र सरकारच्या वन मंत्रालयाचं दुसरं पत्र निघालं. जंगलावरची अपात्र अतिक्रमणं काढून टाका. यात तारीख होती, ३० सप्टेंबर २००२. पाच महिनेसुद्धा नाहीत. ज्यांचा हक्क ठरवायला बारा वर्षं पुरली नाहीत, त्यांना हाकलायला पाच महिने पुरणार होते.

त्या पत्रानंतर देशभर आदिवासी रस्त्यावर आले, म्हणून २००६ चा वनहक्क कायदा झाला. त्या कायद्याच्या सुरुवातीलाच सरकारनं कबूल केलं आहे की जंगलातल्या माणसांवर ऐतिहासिक अन्याय झाला. कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला, नियम १ जानेवारी २००८ ला आले. तेव्हा जन्मलेलं पोरगं आता मतदानाच्या वयात येतं.

आणि मग १३ फेब्रुवारी २०१९. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला की ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून काढावं, पुढची सुनावणी २४ जुलै २०१९, त्याच्या आत. पुन्हा साडेपाच महिन्यांच्या आत. देशभर ओरड झाली, २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयानं तो आदेश थांबवून ठेवला. पण बघा, काढायचं म्हटलं की कॅलेंडर लगेच निघतं.

ई-क्लासचंही तेच. आपल्या वऱ्हाडात कितीतरी घरं ई-क्लासवर कसून खातात. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची होती. त्यातल्या किती जणांच्या हातात सातबारा आला, ते आपापल्या गावात मोजा. आणि २०२२ साली गायरानावरची अतिक्रमणं काढायची निघाली तेव्हा? वर्षअखेरीपर्यंत काढा. दिवाळी झाली की नोटिसा सुरू.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, बहुतेक आदिवासी, पायी मुंबईला गेले. पायाची सालटी निघालेली आपण फोटोत पाहिली. त्या मोर्चात आपल्या माणसांनी एक शहाणपण केलं. तोंडी ‘होईल’वर ते उठले नाहीत, सरकारकडून लेखी घेतलं. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं त्यात होतं. सहा महिन्यांत झालं नाही. म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये ते पुन्हा निघाले, मार्च २०२३ मध्ये पुन्हा निघाले. कोणी म्हणेल, मग लेखी घेऊन काय मिळालं? हे मिळालं, की दुसऱ्यांदा निघताना हातात कागद होता. सरकारला म्हणता आलं की तारीख तुमची, ती तुम्ही चुकवली. तारीखच नसती तर चुकली कोणाची म्हणणार?

वावर कसं फेज आउट होतं

आता अंधाऱ्या पक्षाकडं येऊ. आपल्याला कोणी एका दिवसात हाकलत नाही. एका दिवसात हाकललं तर गाव एकत्र येतं, पेपरात येतं, मोर्चा निघतो. म्हणून ते कलेकलेनं होतं.

पहिल्या वर्षी उन्हाळ्यात चर खोदतात. पाणी जिरवायचं काम आहे, गावाला रोजगार आहे, असं सांगतात. आपलीच माणसं हजेरीवर जाऊन आपल्याच वावरात चर खोदतात. दुसऱ्या वर्षी त्या चरावर रोपं लावतात. तिसऱ्या वर्षी रोपवनात ढोरं यायला नको म्हणून चराई बंद. बकऱ्या विकाव्या लागतात. चौथ्या वर्षी काटेरी तार. पाचव्या वर्षी बोर्ड. आणि सहाव्या वर्षी कोणी दावा काढला तर विचारतात, तुमचा कब्जा कुठं आहे? इथं तर रोपवन आहे.

प्रत्येक वर्षी जे झालं ते छोटं होतं. प्रत्येक वर्षी आपण म्हटलं, एवढ्यासाठी काय भांडायचं. पंचमीचा चंद्र आणि षष्ठीचा चंद्र शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही. फरक कळतो तो अवसेला, हात पुढं करून चाचपडावं लागतं तेव्हा.

मेळघाटात व्याघ्र प्रकल्पातली गावंही अशी एकेक करून उठली. बोरी, कोहा, कुंड ही पहिली, मग त्यांच्या मागं दुसरी. काही तर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोटकडं आणून बसवली. कायदा सांगतो की आधी हक्क मान्य करा, मग ग्रामसभेची लेखी संमती घ्या, त्याशिवाय गाव हलवता येत नाही. पण रस्ता दुरुस्त होत नाही, दवाखान्यात डॉक्टर येत नाही, मास्तराची बदली होते आणि दुसरा मिळत नाही. मग माणूस स्वतःच म्हणतो, आता जातो. याला ते लोक ‘स्वेच्छेनं’ म्हणतात.

म्हणून चर खोदायच्या पहिल्याच दिवशी कायद्याचं कलम ४(५) लक्षात ठेवा. दाव्याची तपासणी आणि मान्यतेचं काम पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला त्याच्या ताब्यातल्या जंगल जमिनीवरून काढता येत नाही. जे. सी. बी. समोर आडवं पडायच्या आधी ग्रामसभेचं पत्र द्या, या कलमाचं नाव घालून, आणि पोच घ्या. त्या पहिल्या दिवशी लिहिलेलं एक पान सहाव्या वर्षीच्या शंभर पानांपेक्षा कामाचं असतं.

आणखी एक गोष्ट फेज आउट होते आहे

या लेखात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

ज्या आबाजींनी मला शब्दाचा अर्थ विचारला, ते मागच्या थंडीत गेले. नव्वदीच्या आसपासचे असतील. आमच्या गावातल्या अकरा घरांच्या वावरांचे जुने धुरे त्यांच्या डोक्यात होते. कोणी कोणत्या वर्षी मोडण केली, फॉरेस्टवाल्यांनी कोणाला किती दंड केला, जुनी विहीर कुठं बुजली, मसणवटीची जागा कुठून कुठं होती, देव कोणत्या झाडाखाली होता, हे सगळं त्यांना पाठ होतं. आम्ही त्यांचा जबाब लिहून घ्यायचा ठरवलं होतं. दोनदा ठरवलं. एकदा पेरणी आली, एकदा वनहक्क समितीचा सचिव बाहेरगावी होता. मग ते गेले. अकरापैकी चार घरांकडं दंडाच्या पावत्या आहेत. सात घरांकडं आबाजींच्या शब्दाशिवाय काही नव्हतं.

वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हा पुरावा आहे. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा, बांध, घराचा पाया हेही पुरावे आहेत. पण देवाची जागा दाखवायला दाखवणारा लागतो. कचेरीत फाईल पडून राहिली तर फाईलचं काही बिघडत नाही. जास्तीत जास्त धूळ बसते. आपला पुरावा मात्र हाडामासाचा आहे. त्याला वय आहे. दरवर्षी एक-दोन पुरावे आपण खांद्यावर घेऊन जाळायला किंवा पुरायला नेतो.

म्हणून ‘हळूहळू होईल’ हे दोन्ही बाजूंना सारखं पडत नाही. त्यांच्या बाजूला उशीर म्हणजे फक्त उशीर. आपल्या बाजूला उशीर म्हणजे दाव्याची एकेक कला कमी होणं. कोणी नाही म्हटलं नाही, कोणी दावा फेटाळला नाही, तरी दावा मरतो. याच्यासाठी कोणाला सही करावी लागत नाही.

आबाजींचा जबाब राहिला, त्यात कचेरीचा दोष नाही हे मी लिहिते, कारण खोटं लिहायचं नाही. तो दोष आमचा. आपणही बिनतारखेचा फेज चालवतो. ग्रामसभा ‘पुढं पाहू’. समितीची बैठक ‘सुगी झाल्यावर’. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईला. कोरम भरत नाही. कायद्याला ग्रामसभेत निम्मी माणसं लागतात आणि त्यात एक तृतीयांश बाया. बायांना निरोपच जात नाही, आणि मग म्हणतात बाया येत नाहीत. सायबाला तारीख मागायची असेल तर पहिले आपल्या रजिस्टरमध्ये तारीख पाहिजे.

कायद्याचे स्वतःचे टप्पे

वनहक्क कायद्यातही टप्पे आहेत. पण ते ठरलेले आहेत. पाठ करून ठेवा.

पहिला टप्पा गावात. ग्रामसभा दावे मागवते, त्याला तीन महिने. लागलं तर ग्रामसभा कारण लिहून मुदत वाढवू शकते. वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करते. कळवल्यावर फॉरेस्ट आणि महसूलच्या माणसांनी त्या वेळी हजर राहायचं असतं आणि सही करायची असते. मग ग्रामसभेचा ठराव.

दुसरा टप्पा उपविभागीय समिती, तिथं एस. डी. ओ. अध्यक्ष. तिसरा टप्पा जिल्हा समिती, तिथं कलेक्टर अध्यक्ष. कागद अपुरे वाटले तर दावा फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडं परत पाठवायचा. विरुद्ध निर्णय झाला तर कारण लिहून दावेदाराला कळवायचा. ग्रामसभेचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडं, तिचा पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडं जाता येतं. हे ६० दिवस मोजायला पत्र हातात पाहिजे. ‘तुमचा रिजेक्ट झाला वाटते’ असं कोणी पानटपरीवर सांगितलं तर तो निर्णय नव्हे.

तीनच टप्पे आहेत. म्हणून कोणी म्हणालं फेज्ड मॅनरमध्ये होईल, तर चार प्रश्न विचारायचे. किती फेज आहेत? आमचा दावा आज कितव्या फेजमध्ये आहे? या फेजची शेवटची तारीख कोणती? आणि तारीख चुकली तर कोणाला विचारायचं?

आवाज चढवायची गरज नाही. जसं कंडक्टरला विचारतो की मंगरूळपीर किती टप्पे, तसं विचारायचं. उत्तर मिळालं तर रजिस्टरमध्ये लिहून त्यांना वाचून दाखवायचं. नाही मिळालं तर तेच चार प्रश्न माहिती अधिकारात टाकायचे. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक उत्तर मिळतं. ‘‘वाशीम पेसात नाही, तुमचा नंबर नंतर.’’ वाशीम अनुसूचित क्षेत्रात नाही, हे खरं. पेसा इथं लागू नाही, हेही खरं. पण वनहक्क कायद्याला पेसा लागत नाही. तो जिथं जंगल आहे आणि जंगलावर जगणारी माणसं आहेत तिथं लागू आहे. आपण या जिल्ह्यात थोडे आहोत, शंभरात सहा-सात. आंध आहेत, पारधी आहेत, बाकीचे आहेत. थोडे आहोत म्हणून शेवटच्या फेजमध्ये, असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. मात्र ई-क्लासचा दावा वनहक्कात घालू नका. ती महसूलची जमीन, तिचा रस्ता वेगळा. दोन्ही एका अर्जात कालवले की दोन्ही बुडतात.

आणि होतच नाही, असंही नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरला २०१२ साली मिळाला, ते आपल्या जंगलातली सीताफळं विकतात. त्या गावांनी जंगल राखलं, बैठका चुकवल्या नाहीत, कागद सांभाळले. तेही हळूहळूच झालं. पण त्यांचा पक्ष चांदणा होता, कारण दर बैठकीला काल होतं त्यापेक्षा थोडं पुढं गेलं का, हे ते मोजत होते.

आता काय करायचं

मी फक्त तीन कामं सांगते, आणि तारीख घालून सांगते.

हा अंक हातात पडल्यापासून येत्या पुनवेच्या आत प्रत्येक गावानं सत्तरीच्या वरच्या सगळ्या म्हाताऱ्या बाया-माणसांची यादी करायची. त्याच्या पुढच्या अवसेच्या आत सगळ्यांचे जबाब लिहून, अंगठे घेऊन, ग्रामसभेत वाचायचे. पोरांनी मोबाईलमध्ये बोलणंही भरून ठेवावं, म्हाताऱ्यांना वावरात नेऊन जागा दाखवायला सांगावं आणि फोटो काढावेत. जे चालू शकत नाहीत त्यांना गाडीवर न्या.

त्यानंतरच्या पुनवेला ग्रामसभा. चार प्रश्नांचं पत्र ठरावासह उपविभागीय समितीला, पोच घेऊन.

आणि तिसरं, ज्यांच्या वावरात या वर्षी चर पडला आहे त्यांनी या आठवड्यातच कळवा. पंचमीलाच बोंब मारा, अवसेची वाट पाहू नका.

आबाजींनी विचारलं होतं, किती हळू? मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही, आणि आता देताही येत नाही. तो प्रश्न आता आपण सायबाला विचारू, आणि त्याच्या आधी स्वतःला विचारू.

स्टेन्सिलवर जागा संपली. बाकी ग्रामसभेत बोलू.

जोहार!